रेड्याचा क्लच

४ मार्च

क्लच दाबताना आज तोंडातून आवाज निघाला. साधं 'आई गं' नाही — जनावर काढतं तसला! गाडीत एकटीच होते म्हणून बरं. टेकडीच्या तिसऱ्या वळणावर गिअर बदलायला गेले, डावा गुडघा वाकला आणि सरळ व्हायलाच तयार होईना. रेडा, म्हणजे ही माझी जुनी गाडी, तिथेच उभा केला, हँडब्रेक ओढला. पाच मिनिटं घाम पुसत बसले आणि निघाले.

वरच्या गोठ्यातली गाय मोकळी झाली. वासरू उलटं होतं. फिरवून काढलं, दोघंही ठीक. कामाच्या नादात गुडघा विसरून गेले होते. परत येताना त्याने व्याजासकट आठवण करून दिली.

५ मार्च

हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. फोटो काढला. गुडघा झिजलाय, बदलावा लागेल म्हणाले. ऑपरेशननंतर चार महिने गाडीला हात लावायचा नाही. मग खिडकीतून खाली रेड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आणि नंतरसुद्धा ही नाही. क्लच नसलेली छोटी गाडी घ्या." जसं काही मी चपलांचा जोड बदलणार आहे!

जूनच्या सुरुवातीला परत बोलावलंय. तोवर व्यायाम.

घरी आले आणि कागद कपाटात कपड्यांखाली ठेवला. आपल्याच घरात आपणच चोर.

८ मार्च, रविवार

लेकीला कागद सापडला. ती शाळेत गणित शिकवते, तिला सगळं सापडतं.

"अगं आई, बत्तीस वर्षांची आहे ती गाडी. माझ्यापेक्षा मोठी!"

"म्हणून तुलाही विकू का?"

हसली नाही. एकेक मुद्दा मांडत बसली — पेट्रोल पिते, वळायला मैदान लागतं, चढायला शिडी लागते, पार्ट मिळत नाहीत, वास येतो. सगळं खरं. तिचे बाबा असते तर तिच्याच बाजूने बोलले असते. त्यांना ही गाडी लागायची. दोनदाच बसले, दोन्ही वेळा रस्त्याच्या कडेला उतरून ओकले.

शेवटी मीच चिडून म्हटलं, जूनमध्ये फोटो काढू. गुडघा सुधारलेला नसला तर रेडा विकीन आणि ऑपरेशनही करून घेईन. सुधारला असला तर ह्या घरात हा विषय पुन्हा काढायचा नाही. ती म्हणाली, "शब्द?" मी म्हटलं, "शब्द."

बोलून बसले. आता निस्तरा.

१२ मार्च

मेंढीवालीकडे दोन मेंढ्या तपासल्या. तिच्याकडे जायला ओढा ओलांडावा लागतो. ओढ्याआधी खाली उतरायचं, पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची चकती हाताने फिरवायची, तेव्हा कुठे पुढची चाकं ओढायला लागतात. आत बसून नुसता दांडा ओढला की झालं असं समजणारे नवशिके मधोमध रुततात. मीही रुतले होते, पहिल्याच आठवड्यात! मेंढीवालीच्या सासऱ्याने बैल जोडून बाहेर काढलं होतं. गाडीला 'रेडा' हे नाव त्यानेच ठेवलं. नांगराला जोडला तरी चालेल म्हणाला.

येताना विचार करत होते, की मी ही गाडी का सोडत नाही. लेकीला उत्तर देता आलं नव्हतं. तिच्यासमोर मला पटकन सुचत नाही, नंतर सुचतं.

आजारी जनावर चालत दवाखान्यात येत नाही, हे एक. शहरातले नवे डॉक्टर म्हणतात, घेऊन या. बसकण मारलेली गाय आणायची कशी — काखोटीला मारून? ह्या टेकडीवर वर जाणारी मी एकटीच आहे, आणि वर जाणारी गाडी ही एकच.

दुसरं — हिचं सगळं दिसतं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूने खालची जमीन दिसते. गॅरेजचे मिस्त्री तर आत पाय सोडून बसतात आणि काम करतात. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर आत काळं झाकण, त्याच्या खाली आणखी एक काळं झाकण. बिघडली की कॉम्प्युटर लावतात आणि कॉम्प्युटरही म्हणतो, माहीत नाही.

पुढच्या बाकावर तीन माणसं बसतात, किंवा मी आणि एक वासरू. मागच्या हौद्यात पाण्याची टाकी वेल्ड करून घेतलीये, हात धुवायला. गाडीत शिरताना मी कधी बूट पुसले नाहीत. ह्या एका जागी मला कोणी 'जपून' म्हणत नाही.

आणि खरं सांगायचं तर, मला ती आवडते. ह्याहून जास्त कारण द्यायचं कोणाला, आणि का?

१५ मार्च, रविवार

लेकीने एक गिऱ्हाईक आणलं. "नुसतं बघू दे" म्हणाली. पांढरेशुभ्र बूट, अंगणातल्या चिखलात मांजरासारखा पाय उचलत चालला होता. जुन्या गाड्या जमवतो. शहरात त्याच्याकडे काचेचं गॅरेज आहे, त्यात अशा सात उभ्या आहेत.

"पोचे ओरिजिनल आहेत?" विचारलं त्याने.

पोचे ओरिजिनल! उजव्या दाराचा पोचा बैलाच्या लाथेचा आहे. मागचा माझा स्वतःचा, खांबाचा. सगळं सांगितलं. चकती कशी फिरवायची, थंडीत चोक किती ओढायचा, तिसरा गिअर कुठे अडतो, अडला तर शिव्या न देता दुसऱ्यात घालून परत कसा आणायचा. तो मान डोलवत होता. नंतर सीटचा वास घेतला आणि म्हणाला, "हा जाईल ना?"

"मी गेले तरी जाणार नाही," म्हटलं.

मग सहज विचारलं, चालवणार कुठे? म्हणाला, छे, चालवायची नाही. धूळ बसते.

मी उजव्या दाराच्या पोच्यावर हात ठेवला. पुढे काय बोलले आठवत नाही. वळून बघितलं तर लेक दाराशी उभी, ओठ दाबून. जिंकल्यासारखं वाटत असेल तिला. चहाही न घेता निघून गेली. कोणासारखी झालीये कोण जाणे. माझ्यासारखी, दुसरं काय.

२१ मार्च

आजपासून गुडघ्याला घोड्याचा लेप. शर्यतीच्या घोड्यांना लावतो तो, हिरव्या डब्यातला. डब्यावर लिहिलंय 'माणसांसाठी नाही'. माणसांचं मलम महिनाभर लावून बघितलं, आता घोड्यांचं बघू. भयंकर झोंबतो! म्हणजे काम करत असणार.

३० मार्च

मिस्त्रींचा फोन — ब्रेक बघून घेतो, गाडी दोन दिवस सोडा. मला तर ब्रेकची काही तक्रार नाही. पण ते स्वतःहून म्हणतायत तर असेल काहीतरी. हल्ली बॉनेटमध्ये मीही डोकावत नाही. बंपरवर पाय देऊन चढल्याशिवाय आत काही दिसत नाही, आणि गुडघा चढू देत नाही. तेल-पाणी तेच बघतात.

दोन दिवस सक्तीची विश्रांती. लेप जाडसर लावून पाय उशीवर.

२ एप्रिल

चमत्कार!

सकाळी रेडा आणला. क्लचवर पाय ठेवला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला. कळ नाही, आवाज नाही, काही नाही. परत दाबला. दहा वेळा दाबला. गॅरेजच्या दारात बसून खुळ्यासारखी क्लच दाबत होते.

दोन दिवसांची विश्रांती आणि घोड्याचा लेप! मिस्त्रींना सांगितलं. ते पाना पुसत होते, पुसतच राहिले. "हो का. छान झालं, डॉक्टरबाई," म्हणाले. त्यांची कंबर धरते, म्हणून एक डबा त्यांनाही दिला.

५ एप्रिल, रविवार

लेकीला मुद्दाम शेजारी बसवून टेकडीवर नेऊन आणलं. "बघ, पाय बघ माझा!" ती माझ्या पायाकडे न बघता बाहेर बघत होती. "छान आहे, आई." एवढंच. हरण्याची तयारी सुरू झालेली दिसते.

१७ एप्रिल

आज तीन गोठे. वर, खाली, परत वर. मागच्या वर्षभरात एका दिवसात तीन झाले नव्हते.

९ मे

लेपाचे चार डबे वाटले. मेंढीवालीने खांद्याला लावला, तिला फोड आले. तिचा खांदाच नाजूक.

जिना चढताना अजून कळ येते. पण जिने कोणाला सोसतात? सकाळी उठल्यावर दहा मिनिटं पाय लाकडासारखा असतो. वयच आहे तसं. क्लचला दुखत नाही, मला क्लचशी मतलब.

२३ मे

पुन्हा तीन गोठे. घरी आल्यावर उंबऱ्यावर बसून बूट काढले. उठायला दाराची चौकट धरावी लागली. लेक आली नव्हती ते बरं झालं.

५ जून

तोंडावर आपटले.

डॉक्टरांनी दोन्ही फोटो दिव्यावर शेजारी शेजारी लावले. मार्चमध्ये हाडांच्या मध्ये केसाएवढी फट होती. आता तीही नाही. "तुम्ही व्यायाम केलात की डोंगर चढलात?" असं विचारलं. मी म्हटलं, चुकून दुसऱ्याचा फोटो लागलाय. त्यांनी खाली माझं नाव दाखवलं.

मग कॉटवर झोपवून पाय वाकवला. मी ओरडले. बाहेरून लेक आत आली.

तीस वर्षं जनावरं तपासते आहे. मालक म्हणतो, आता बरी आहे हो, चारा खाते. मी कधी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. चालवून बघते, दाबून बघते. आणि स्वतःच्या पायाच्या बाबतीत मालकाचं ऐकलं!

पण क्लच हलका लागत होता. ते खोटं नव्हतं. काही समजत नाही.

७ जून, रविवार

लेक म्हणाली, "विकायची घाई करू नकोस, आई. आधी ऑपरेशनचं बघू."

तिची दया नको होती मला. तिच्यासमोरच काचेच्या गॅरेजवाल्याला फोन लावला आणि शनिवारी या म्हटलं. शब्द म्हणजे शब्द. ऑपरेशनला मात्र तारीख घेतली नाही. गाडी नाही तर नीट पाय घेऊन जायचं कुठे? हेही तिला बोलून दाखवलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं तिने, पण मी तोवर आत जाऊन दार लावून घेतलं होतं.

आज रडले. इथे लिहून ठेवते, बाकी कुठे बोलणार नाही. लोखंडासाठी रडले, ह्या वयात.

१० जून

हौदा रिकामा केला. दोरखंड, बादल्या, साखळ्या, एक कुजका हातमोजा. बाकाखाली वासराच्या गळ्यातला पट्टा निघाला. कोणत्या वासराचा, काही केल्या आठवेना.

मेंढीवालीचा फोन — पुढच्या आठवड्यात याल ना? हो म्हटलं. सांगायचं धाडस झालं नाही.

१२ जून

उद्या तो येणार, म्हणून तेल-पाणी आपणच बघू म्हटलं. शेवटचं. स्टूल लावून चढले आणि बॉनेट उघडलं. ब्रेकच्या पेडलला जोर देणारा गोल डबा असतो, तो दिसला — आणि त्याच्याच शेजारी आणखी एक, नवाकोरा. त्याची नळी माझ्या क्लचला गेलेली.

तशीच मिस्त्रींकडे गेले. त्यांनी पाना खाली ठेवला. "ताईंनी बसवायला लावला, डॉक्टरबाई. ते गिऱ्हाईक येऊन गेलं त्याच संध्याकाळी आल्या होत्या. मिळेपर्यंत दोन आठवडे गेले. म्हणाल्या, ऑपरेशन आईला करावंच लागेल, पण नंतर ह्याच गाडीत बसता येईल असं काहीतरी करा. आईला कळू देऊ नका, कळलं तर काढून फेकेल."

काचवाल्याला नाही म्हणून कळवलं. मग लेकीला फोन लावला आणि म्हटलं, ऑपरेशनची तारीख घे. ती म्हणाली, "शब्द?" मी म्हटलं, "शब्द."