पुढचं दार बेल्जियममध्ये

१९९९ सालच्या ऑगस्टमधली एक संध्याकाळ. रोफिन आणि मी पुढच्या खोलीत घेवड्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. आमच्या बार्ले गावात दोन देशांची सीमा रस्त्यातून जाते, कोंबड्यांच्या खुराड्यातून जाते, तशी आमच्या पुढच्या खोलीतूनही जाते. रोफिन खिडकीपाशी, म्हणजे बेल्जियममध्ये बसला होता. मी दारापाशी, नेदरलँड्समध्ये. मधे पातेलं. त्याने मूठभर दाणे माझ्या बाजूला टाकले आणि म्हणाला, "घे, परदेशी माल."

"जकात भरलीस का?"

"भरतो की," असं म्हणून त्याने एक कच्ची शेंग तोंडात टाकली, वाकडं तोंड केलं, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. त्या संध्याकाळी दुसरं काहीही झालं नाही. तरी लिहायला बसल्यावर पहिल्यांदा तीच आठवली. आठवली ती खोडायला मन होत नाही.

आता रीतसर.

मी, ओडिलिया मारिया फर्स्कूरेन, हाकेचं नाव दिली, वय अडुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार बार्ले, लग्नाची बायको रोफिनुस हुरिंत यांची, माझ्यामागे माझ्या घरादाराचं आणि चीजवस्तूंचं काय व्हावं ते कोणाच्याही आग्रहाला बळी न पडता स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. २००३ साली मी एक कागद केला होता. त्यात सगळं माझी बहीण गेर्डा हिला दिलं होतं. तो कागद आजपासून रद्द समजावा.

माझी बुद्धी शाबूत आहे. शरीर नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पानगळीपर्यंत." कोणत्या झाडाची ते त्यांनी सांगितलं नाही. ओकची पानं इथे डिसेंबरपर्यंत फांदीवर टिकतात, म्हणून मी ओक धरून चालले आहे. मला १९ नोव्हेंबरपर्यंत जगायचं आहे. त्या दिवशी रोफिनला माझा नवरा म्हणून बेल्जियममध्ये राहायला लागून पाच वर्षं पुरी होतील, आणि त्याला कायम राहण्याचा हक्क मिळेल. मग माझं काहीही झालं तरी त्याला कोणी "निघ" म्हणू शकणार नाही. पण मी त्याआधी गेले तर? वकीलबाईंनी मला तीनदा समजावून सांगितलं आहे. बायको गेली म्हणून त्याचा हक्क जात नाही, कारण तो माझ्याबरोबर इथे वर्षाहून जास्त राहिला आहे. मात्र स्वतःची कमाई, स्वतःचा आजारपणाचा विमा आणि डोक्यावर छप्पर, हे सारं त्याला दाखवता आलं पाहिजे. म्हणून खालची कलमं अशी आहेत. वाचणाऱ्याला वाटेल, बाईने नवऱ्याला भारंभार दिलं. पण ह्यातली एकेक गोष्ट त्याला टेबलावर मांडावी लागणार आहे.

कलम पहिलं, घर. घरात रोफिनने हयातभर राहावं. त्याच्यानंतर घर गेर्डाच्या मुलाला, रूडला मिळावं. अट एकच. रोफिन ह्या घरात राहतो आहे तोवर पुढच्या दाराला कोणी हात लावायचा नाही; त्याचा हक्क बेल्जियममधला आहे. रूड, तू चांगला मुलगा आहेस, पण तुझ्या डोळ्यांत सदा मोजपट्टी असते. तुझं चीजचं दुकान शेजारीच नेदरलँड्सच्या बाजूला आहे, आणि आमचं दार पुन्हा त्या बाजूला गेलं की दोन्ही घरं एक करता येतील, हे तू मागच्या नाताळात मला दोनदा सांगितलंस. दुसऱ्यांदा तर केक तोंडात असताना. धीर धर.

हे दार इथे का आहे, ते रूडच्या मुलीला, नोरला, पुढे कधी कळावं म्हणून लिहिते.

रोफिन लारांतुकाचा, दूर पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरचा. जहाजावर आचारी म्हणून आला आणि रॉटरडॅमला उतरला तो परत चढलाच नाही. मला भेटला तेव्हा तो झुंडर्टच्या रोपवाटिकेत काम करत होता. पँट शिवून घ्यायला आला होता. फ्लोरेस म्हटल्यावर मी उडालेच. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अल्फोन्सा आमच्याकडून चॉकलेटवरचे चांदीचे कागद जमवायच्या, फ्लोरेसच्या गरीब लेकरांसाठी. मी नऊ वर्षं जमवले. हे मी त्याला सांगितलं तर म्हणतो कसा, "असं होय! आमच्यापर्यंत काही चांदी आली नाही बुवा. लोकरीचे कोट आले. त्या उकाड्यात! आई त्यांनी बकऱ्या झाकायची."

तो राहू लागला. कागद नव्हते. आम्ही दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी करू. ही चूक माझी. मी माझ्या गावात, माझ्या आईच्या घरात होते, आणि माझ्या घरात कोण राहतं हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागेल असं मला खरोखर वाटत नव्हतं. तेरा वर्षं गेली. २०११च्या मार्चमध्ये, एका मंगळवारी सकाळी, तो सायकलच्या चाकात हवा भरत असताना चौघे पोलीस आले. सभ्य होते. त्याला हात धुऊ दिले. सहा आठवडे बंदीगृहात ठेवून त्याला विमानात बसवलं.

भेटायला जाई तेव्हा तो मला धीर द्यायचा. "दिली, इथला भात तुझ्यापेक्षा बरा करतात." खोटं बोलत होता.  शेवटच्या भेटीत मात्र नुसता माझ्या कोटाचं सैल बटण फिरवत बसला.

सप्टेंबरात मी त्याच्यामागे लारांतुकाला गेले. तिथल्या चर्चमध्ये, त्याच्या आईसमोर लग्न केलं. सासूबाई अंगणात दोन दगडांमध्ये मका ठेचून त्याचे पोहे करत. मी करायला बसले आणि पहिल्याच फटक्यात बोट ठेचलं. सासूबाई रोफिनला म्हणाल्या, "हिला पोहे जमत नाहीत, तुला काय सांभाळणार?" आणि माझं बोट स्वतःच्या तोंडात धरलं. चार महिने राहिले तिथे. आयुष्यात एवढी उशिरा कधी उठले नव्हते.

परत येऊन अर्ज केला. नकार आला. पुन्हा केला, पुन्हा नकार. शिवणकामाच्या माझ्या कमाईवर नवरा आणता येत नव्हता, आणि तो आधी चोरून राहिला होता हेही होतंच. माझ्याच देशात मला माझा नवरा आणता येत नव्हता.

मग एक दिवस शेजारचा फिरमिन आला. फिरमिन बेल्जियन, जकात खात्यातून निवृत्त झालेला. तरुणपणी आमच्या गावातून जकात चुकवून लोणी सीमेपार नेणाऱ्या बायकांच्या परकराला हात घालू का नको, ह्यात त्याची अर्धी नोकरी गेली. खुर्चीत बसून म्हणाला, "दिली, तुझा घोळ असा आहे की तू आपल्या देशात राहतेस."

"मग कुठे राहू?"

"परदेशात. नेदरलँड्सची बाई बेल्जियममध्ये राहिली की तिला युरोपचे नियम लागतात. मग नवरा आणता येतो."

"ह्या वयात कुठे जाऊ रे परदेशात?"

त्याने खिडकीकडे बोट केलं. "तिथे."

आमच्या गावात ज्या देशात पुढचं दार, त्या देशातलं घर. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या गोष्टीकडे माणूस बघत नाही. २०१३च्या वसंतात मी खिडकीचं दार केलं आणि दाराची खिडकी केली. अंतर साडेतीन मीटर. सुतार म्हणाला, "बाई, उजेड कमी येईल." म्हटलं, येऊ दे कमी.

नाव नोंदवल्यावर मी तिथे खरंच राहते का हे बघायला बेल्जियमचा पोलीस आला. तरुण पोरगा, कानांपर्यंत लाल.

"बाई, हे दार कधी बसवलं?"

"गेल्या गुरुवारी."

"त्याआधी तुम्ही कुठे राहत होता?"

"नेदरलँड्समध्ये."

"पत्ता?"

मी जुन्या दाराच्या जागेपाशची खुर्ची दाखवली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि विचारलं, "कॉफी आहे का?" कॉफी पिऊन, दोन बिस्किटं खाऊन त्याने लिहिलं की अर्जदार सदर पत्त्यावर राहते. १९ नोव्हेंबरला रोफिनची नोंद झाली. तो आला तेव्हा नव्या दारातून आत पाऊल टाकताना थांबला आणि म्हणाला, "पाय पुसू का? परदेश आहे."

कलम दुसरं, मागची शेड. शेडमधलं सायकल दुरुस्तीचं सगळं सामान रोफिनचं आहे आणि त्याचंच राहील. धंदा त्याच्या नावावर नोंदलेला आहे. रोफिन, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी पावती फाडत जा. ती पावती म्हणजे तुझी कमाई, आणि ती दाखवावी लागेल. पाद्रीसाहेबांचीसुद्धा फाड.

कलम तिसरं. बँकेत जे काही आहे ते रोफिनला. त्यातून आधी विम्याचा हप्ता जावा. माझ्या प्रार्थनासभेच्या फुलांना त्यातला एक पैसाही जाऊ नये. बागेतले डेलिया आहेत. ते गेले असतील तर लसणाची पात चालेल, मला वास आवडतो.

कलम चौथं, निळी फाईल. शिवणयंत्राच्या खालच्या कप्प्यात आहे. तीत लग्नाचा दाखला, पाच वर्षांची विजेची बिलं, दोघांच्या नावाचे विम्याचे कागद, आणि फोटो आहेत. वकीलबाईंनी दर वर्षाचे दोन फोटो मागितले होते. मी दर वर्षाचे अकरा ठेवले आहेत. सरकारला दोन द्यावेत, बाकीचे परत ठेवावेत. माझा बोट बांधलेला फोटो सरकारला देऊ नये.

त्याच फाईलमध्ये एक पत्र आहे. ते मी कलमात घेणार नव्हते. पण गेर्डा, तुझ्याबद्दल न लिहिता हा कागद पुरा होत नाही.

२०११ साली सरकारला निनावी पत्र गेलं होतं, की अमुक घरात एक परदेशी माणूस लपून राहतो आणि एका भोळ्या बाईला फसवतो. खाली सही, "एक हितचिंतक". वकीलबाईंनी त्याची प्रत माझ्यापुढे ठेवली तेव्हा मजकूर वाचायच्या आधीच मी ओळखलं. उजवीकडे झुकलेलं अक्षर, मोठ्या 'एच' ह्या अक्षराची हंसाच्या मानेसारखी वळणं. सिस्टर अल्फोन्सांनी पट्ट्या मारून आम्हा दोघी बहिणींना तेच एक अक्षर शिकवलं. मी स्वतः लिहिलं असतं तर तसंच दिसलं असतं.

ते मी तुझ्या टेबलावर ठेवलं. तू चष्मा लावून वाचलंस आणि म्हणालीस, "अक्षर चांगलं आहे."

"हो. आपलंच आहे."

"तो तुला फसवत होता, दिली. कागदासाठी चिकटला होता."

"तेरा वर्षं? कागदासाठी कोणी तेरा वर्षं माझे पाय दाबत बसत नाही, गेर्डा."

"तू एकटी राहायला नको होतीस, एवढंच मला वाटायचं. पण असा माणूस?"

त्यानंतर सात वर्षं तू माझ्या घरी आली नाहीस आणि मी बोलावलं नाही. तू चार घरं पलीकडे राहतेस. तुझा खोकला मला मागच्या अंगणात ऐकू येतो. यंदा उन्हाळ्यात तू फाटकाशी सूप ठेवून गेलीस. वाटाण्याचं होतं, आईसारखं, जास्त घट्ट. रोफिनने दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाला, "बहिणीला मीठ कळतं." त्याने तुला केव्हाच माफ केलं आहे. मला त्याच्यासारखं पटकन जमत नाही, पण आता वेळ फार नाही.

उरलेल्या वस्तू अशा द्याव्यात.

शिवणयंत्र नोरला. तेल दर महिन्याला. पाद्र्यांच्या झग्यांवर भरलेल्या कशिद्याचे नमुने आणि रेशमाच्या लडीही तिलाच. ती फेकणार असेल तर आधी चर्चला विचारावं.

हिवाळी कोट आणि चांगले बूट गावच्या कपड्यांच्या दुकानात, गरजूंसाठी. फ्लोरेसला पाठवू नयेत.

सासूबाईंनी विणलेली जांभळी शाल माझ्याबरोबर पेटीत ठेवावी. शेवटपर्यंत रोफिनने ती द्यायला नकार दिला तर त्याचं ऐकावं.

आईचे मोत्यांचे डूल गेर्डाला. तुला ते १९७४पासून हवे होते.

पुढच्या दाराच्या दोन किल्ल्या आहेत. एक रोफिनची. दुसरी, जी माझ्या एप्रनच्या खिशात असते, ती गेर्डाला द्यावी. रोफिन एकटा राहील. त्याला रक्तदाब आहे आणि पडला तरी तो कोणाला हाक मारणार नाही. कोणीतरी जवळ असावं. तो इथे खरंच राहतो का हे विचारायला कधी पोलीस आला, तर गेर्डाने स्वतःच्या तोंडाने सांगावं की हो, राहतो.

मात्र तो घरात असेल तेव्हा किल्ली वापरू नये. घंटा वाजवावी. रोफिन "ये" म्हणेपर्यंत गेर्डाने बाहेर उभं राहावं.

वरचा सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. नोटरीसाहेब म्हणाले, हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागत नाहीत. मला हवे आहेत. साक्षीदाराला काही ठेवायचं नसतं म्हणून फिरमिनला द्यायचं होतं ते घड्याळ मी कालच त्याच्या हातात दिलं.

सही: ओडिलिया मारिया फर्स्कूरेन

साक्षीदार: फिरमिन होसेन्स, निवृत्त जकात अधिकारी
साक्षीदार: मार्सेला होसेन्स, त्यांची पत्नी

ठिकाण: बार्ले, बेल्जियमच्या बाजूची पुढची खोली
तारीख: ३ सप्टेंबर २०१८