रविवारच्या पोचेरोचा मान

ग्वाग्वा, पाम्पांगा
४ फेब्रुवारी १९७४

चि. डोरिंग हिस क्रिसांताचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बागियोच्या थंडीत तू, रामोन आणि मुलं खुशाल असाल. इकडे मी खुशाल नाही. आपल्या तातांगना एकाहत्तराव्या वर्षी बायको करायची आहे. वडिलांबद्दल असं लिहू नये हे मला कळतं, पण वडिलांनीही असं वागू नये. बाईचं नाव आलिंग पुरा. बातांगासची विधवा, बाजारामागे खाणावळ चालवते. तातांग म्हणे रोज दुपारी पाय मोकळे करायला जातात. पाय मोकळे करून आलेल्या माणसाच्या सदऱ्यावर रश्शाचे डाग कसे, हे मी वेळीच विचारलं नाही.

काल चर्चमधली मिस्सा आटोपून ती आली ती थेट स्वयंपाकघरात. म्हणाली, आजचा पोचेरो मी करते. आपली आई, इमा, गेल्यापासून एकोणीस वर्षं या घरात रविवारचा पोचेरो मी करते आहे, आणि या बाईने माझा डाव माझ्या हातातून काढून घेतला. मग मी बाजूला उभी राहून मजा पाहिली. गोमांस, डुक्कर, कोंबडी, सगळं एकदम पातेल्यात. केळी सोलून, चिरून पहिल्यापासूनच आत, म्हणजे रस्सा खिरीसारखा गोड. टोमॅटो परतायचा कंटाळा, म्हणून बाटलीतलं केळ्याचं केचप ओतलं. सोबत वांग्याचं भरीत नाही. आधी नुसता रस्सा वाढायचा आणि मग ताटात मांस नि भाज्या, हे तर तिच्या गावीही नाही. सगळं पातेलंच आणून टेबलावर आदळलं, जशी काही गिऱ्हाइकांची बस सुटायची होती.

तातांगनी तीनदा वाढून घेतलं.

हे लग्न झालं तर या घरात माझं काय राहणार, ते तूच सांग. नवरा नाही, पोर नाही, ही चूल तेवढी माझी. ये आणि त्यांना समजाव. तुझं ते ऐकतात.

रामोनला आशीर्वाद सांग. माझ्यावरचा लोभ पातळ करू नकोस, इथे रस्से पुरेसे पातळ झालेत.

तुझी
क्रिसांता

बागियो
१३ फेब्रुवारी १९७४

ती. आत्चीच्या सेवेशी डोरिंगचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी रामोनला वाचून दाखवलं. एवढी नालस्ती ऐकून त्याला भूक लागली. केळ्याचं केचप म्हणजे तुला महापाप वाटतं, तर कबूल करते, मी इथे सहा वर्षं तेच घालते आहे आणि मुलं भांडं चाटून ठेवतात. शाप द्यायचा तर दे, टपालाने यायला आठवडा लागेल.

मी येणार नाही, आत्ची. म्हाताऱ्या माणसाला कुणी गरम घास घालत असेल तर मी मध्ये कशाला पडू? आणि रागावू नकोस, पण तुझ्यामुळे त्या घरातून कोण कोण गेलं ते आठव. तातांगनी तीन स्वयंपाकिणी ठेवून पाहिल्या. एकीला चण्यांची सालं काढता येत नाहीत म्हणून तू घालवलंस, दुसरीला लसूण करपवते म्हणून. तिसरी तर तू नुसती बघत उभी राहायचीस, त्यानेच पळाली. फाउस्तिनो मास्तर तुझ्यासाठी तीन वर्षं थांबले. त्यांना तू सांगितलंस की तातांगना जेवायला कोण घालणार. आता घालणारी आली, तर तुझ्या पोटात का दुखतं?

ईस्टरसाठी इकडचा कोबी बसवाल्याबरोबर धाडीन. नावं ठेवायला तेवढंच काहीतरी. लहान बहिणीवर माया असू दे, तोंड कडू झालं तरी.

तुझी
डोरिंग

ग्वाग्वा
१५ एप्रिल १९७४

चि. डोरिंग हिस आशीर्वाद. वि. वि.

तुझं तोंड लहानपणीच बांधायला हवं होतं. कोबी मिळाला, तेवढा बरा होता.

काल ईस्टरला म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. फादरना जेवायला बोलावलं आणि त्या बाईलाही. काबुली चणे भिजवून एकेकाचं साल काढलं. हाडाचं मांस पहाटेपासून मंद आचेवर, वरचा फेस तीनदा काढला. कोंबडी उशिरा घातली, सॉसेज त्याहून उशिरा. केळी सालासकट वेगळी उकडून मग सोलली आणि अगदी शेवटी सोडली. टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतले. वांगी निखाऱ्यावर भाजून लसूण-व्हिनेगर घालून कुस्करली. रस्सा असा झाला की इमाच परत आली म्हणावं.

फादरनी दोनदा स्तुती केली. त्या बाईने तीन ताटं ओरपली आणि वर म्हणते, मला शिकवशील का. मी म्हटलं, हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं. तातांग खाली मान घालून जेवत होते. मग मान वर करून त्यांनी विचारलं, घरात केचप आहे का.

फादरच्या देखत, डोरिंग.

मी आत गेले. ते मागोमाग आले. पहिल्या जूनला लग्न ठरलंय म्हणाले, आणि म्हणाले, आता तू सुटलीस. सुटलीस म्हणे. मी काय त्यांच्या तुरुंगात होते? घरातून काढायचं तर सरळ काढावं, वर मेहेरबानीचा आव कशाला? त्या बाईच्या खरकट्या भांड्यांवर राहण्यापेक्षा मी नन्सच्या मठात पायऱ्या धुईन.

तुझा लोभ कुणीकडे झुकलाय ते दिसतंच आहे. उरला असेल तर कळव.

क्रिसांता

बागियो
२४ एप्रिल १९७४

ती. आत्चीस शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुला दाखवू नकोस असं तातांगनी बजावलं होतं, पण तुझ्या पत्रानंतर मला राहवत नाही. त्यांनी जानेवारीत मला पेन्सिलीने एक पत्र लिहिलं होतं. त्यात ते म्हणतात की क्रिसांता चण्यांची सालं काढत बसलेली दिसली की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. या पोटापायी पोर म्हातारी झाली. स्वयंपाकीण आणावी तर ही घालवून देते. बायको आणली तर तिला कशी घालवेल?

पुरा आपल्या विनोदांना हसते, म्हणूनही तिच्याशी लग्न करतोय, असंही त्यांनी खाली प्रामाणिकपणे लिहिलंय.

केचपबद्दल मी खाणावळीत ट्रंककॉल लावून त्यांना विचारलं. त्यांना ते मुळीच आवडत नाही. त्यांना वाटलं, रागाने का होईना, तू त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडशील. बापाची अक्कल काढायची तर काढ, पण त्यांनी तुला घराबाहेर काढलेलं नाही. इकडे येऊन राहायचं असेल तर खोली रिकामी आहे.

तुझ्या मायेला हक्काने चिकटलेली
डोरिंग

ग्वाग्वा
१० जून १९७४

चि. डोरिंग हिस आशीर्वाद. वि. वि.

तातांगचे उपकार पोचले. मला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. एकोणीस वर्षं दाराशी बसून राहायचं आणि मग दार उघडून म्हणायचं, जा. फाउस्तिनो मास्तर परवा चर्चमध्ये दिसले. पोट सुटलंय, चार मुलं आहेत, बायको त्यांच्यावर खेकसत होती. मी शेहेचाळीस वर्षांची आहे. कुठे जाऊ, तेही तातांगनी पेन्सिलीने लिहून ठेवायचं होतं. मला त्यांचा इतका राग आला, डोरिंग, की आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी रडले. दोन्ही त्यांच्यासाठीच.

लग्न लागलं. नवरीने कणसाच्या रंगाचा पोशाख केला होता, त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

काल रविवार. मी खोलीतून बाहेर पडायचंच नाही असं ठरवलं होतं. ती बाई आली, मनगट धरून मला टेबलाशी घेऊन गेली आणि बसवलं. उठू लागले तर खांदा दाबला. हात खाणावळवालीचा, बोलायची सोय नाही. मग तिने आधी नुसता रस्सा वाढला, आणि तातांगच्याही आधी माझ्यापुढे ठेवला.

चण्यांना सालं तशीच होती. मीठ कमी. केळ्यांनी पुन्हा गोडी सोडलेली. पहिला चमचा उचलता उचलता मी एवढे दोष काढून ठेवले होते. चमचा तोंडात गेला आणि जीभ भाजली.

या घरात मी आधी सगळ्यांना रस्सा वाढायची, मग ताटं भरायची, मग कुणाला भात, कुणाला आणखी मांस. मी बसेपर्यंत ताटातली चरबी पांढरी होऊन थिजलेली असायची. एकोणीस वर्षं मी तो गारच खात आले, डोरिंग. मला वाटायचं, पोचेरोची चवच तशी.

लोभ असू दे.

तुझी
क्रिसांता