साहेब आले त्या दिवशीचा फलाट

३ जानेवारी

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

किल्ली मिळाली! अठरा वर्षं कुलूपबंद असलेलं तुमचं स्टेशन आता आमच्या शाळेचं वाचनालय होणार. काल वर्गाला घेऊन दार उघडलं. तिकीट-खिडकीत पाखरांचं घरटं आहे आणि तुमच्या खुर्चीला तीनच पाय उरलेत. मला मात्र आनंदाने आभाळ ठेंगणं झालंय.

भिंतीवर स्टेशनचा इतिहास लिहायचाय. शेवटचे स्टेशनमास्तर तुम्ही, तेव्हा पंचवीस तारखेला उद्घाटन तुमच्याच हातून. बदली झाल्यापासून इकडे फिरकला नाहीत. गुडघ्यांची सबब चालणार नाही. रोज टेकडी चढता, हे काकूने कळवलंय.

तुमची लाडकी,
भिंगरी

१० जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

काकू फितूर झाली म्हणायची. मग खरंच सांगतो. स्टेशन माझ्यामुळे बंद पडलं. बारा मार्चला मोठे साहेब येणार असं कळलं. मला वाटलं, स्वच्छता तपासणार. मी गावभर निरोप धाडला की त्या दिवशी फलाटावर गर्दी नको, टोपल्या नकोत, शेळ्या नकोत. गावाने माझा शब्द असा पाळला की सकाळच्या गाडीला चिटपाखरू फिरकलं नाही. साहेब आले होते उतारू मोजायला! शून्य लिहून गेले. महिन्याभरात गाडी बंद.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. माझी तर गाडीच. आता कुठल्या तोंडाने येऊ? हे भिंतीवर जरूर लिही, आणि उद्घाटनाला दुसरं कुणी बघ.

तुझा,
काका

१९ जानेवारी

काका, आज मायना राहू दे, दम निघत नाही!

रजा टाकून रेल्वेच्या कचेरीत गेले, जुनी फाइल काढायला लावली. स्टेशन बंद करण्याच्या हुकमावर सही आहे वीस फेब्रुवारीची. साहेब यायच्या तीन आठवडे आधीच सगळं ठरलं होतं. मोजणी नुसती नावाला. सगळं गाव डब्यात कोंबलं असतंत, तरी गाडी बंदच होणार होती.

तो कागद मी गावात वाचून दाखवला. रोज सकाळच्या गाडीने दूध नेणारे आजोबा रडायलाच लागले. म्हणाले, त्या दिवशी आपण फलाटावर गेलो नाही म्हणूनच मास्तरांना इथून हलवलं, असं ते धरून बसले होते. लाजेने तुम्हाला कधी पत्रही टाकलं नाही.

याल ना?

भिंगरी

२२ जानेवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र काकूला वाचून दाखवत होतो. त्या तारखेपाशी आलो आणि पत्र तिच्या हाती दिलं. पुढचं तिनेच वाचलं.

शनिवारी पहिल्या बसने येतो. स्टेशन रविवारी, उद्घाटनालाच बघू. आधी मला दूधवाल्याच्या घरी ने. हे ओझं घेऊन मी एकट्यानेच अठरा वर्षं काढली, असं समजत होतो गं.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
काका