दादांना खाट मिळाली

अरे,

चिठ्ठी दारातून सरकवून जातेय, आत आले नाही. आले असते तर चिमणी बिलगली असती आणि मग माझा पाय निघाला नसता. तिला दात येताहेत, चिडचिड करेल, रागावू नकोस. अंग गरम लागलं तर औषध अर्धाच चमचा दे.

वॉर्डात सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्यात. पहिल्या लाटेनंतर जादा खाटा गोदामात टाकल्या, त्या अजून तिथेच आहेत.

तुझ्या दादांना खाट मिळाली. वाढदिवसाच्या जेवणात माझा मास्क बघून "आली बघा डाकूराणी, साथ संपली तरी हिची भीती संपेना" म्हणून सगळ्यांना हसवत होते. काल फोनवर त्यांना धड बोलताही येत नव्हतं. तू मात्र "माझी बायको बघेल" म्हणून मोकळा झालास.

बघितलं मी. प्रवेशाची यादी माझ्याच हातात असते. दादा अकरावे होते, त्यांना पहिलं केलं.

पहिला होता तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर. तो अजून व्हरांड्यात बसलाय. त्याला टेकायला खुर्ची दिली, तर त्याची बायको हात जोडून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून."