घसा अजून बरा नाही

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात फक्त मान वाकवली आहे; बाकीची सात अंगं मनाने.) वहिनीची कंबर कशी आहे? तुझ्या दवाखान्यात लोकांचे कान-घसे भरपूर बिघडत असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे माझं मन अजिबात थाऱ्यावर नाही.

बावीस वर्षं मी या कॉलेजात मुलींना बास्केटबॉल शिकवतेय, म्हणजे मैदानाच्या कडेला उभी राहून बोंबलतेय. (गुण जन्मजात. दुपारी बाबा झोपले की तू माझं तोंड हाताने दाबून धरायचास आणि मी कडकडून चावायचे. वण आहे ना अजून?) गेली दोन वर्षं आम्ही झाडून सगळे सामने हरलो. यंदा प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, करंडक आणलात तर ठीक, नाहीतर संघ बंद आणि तुम्ही ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला. मी इतकी हबकले की पहिल्याच सामन्यात जीव खाऊन ओरडले. मध्यंतराला आम्ही अठरा गुणांनी मागे होतो आणि माझा घसा पार बसला होता. उरलेला सामना मी नुसती हातवारे करत बघितला. दोन गुणांनी जिंकलो.

इथल्या डॉक्टरांनी तंबी दिली, महिनाभर अवाक्षर काढायचं नाही. मग मी पाटी घेऊन बाकावर बसायला लागले. टाइमआउट असतो एक मिनिटाचा. 'डावीकडून घुसणारीला अडवा' असं मी लिहायला घ्यायचे आणि 'डावीक'वरच भोंगा वाजायचा. मुली माझ्याकडे दयेने बघायच्या, आपापसात काहीतरी ठरवायच्या आणि जायच्या. आणि दादा, जिंकायच्या रे! ओळीने पाच सामने. आमच्यातली सगळ्यात उंच मुलगी, खांब (नाव मीच ठेवलंय, आता लाज वाटते), तिच्या हातून वर्षभर चेंडू निसटायचा आणि मी दर वेळी किंचाळायचे. आता एक निसटत नाही. आमची कर्णधार, बुटकी, तिचं म्हणणं होतं की खांबला बास्केटखाली नको, कोपऱ्यात उभी करा. हे सांगायला ती माझ्याकडे तीनदा आली होती म्हणे. मी ओरडत असणार, त्यामुळे ऐकू आलं नसेल. परवा प्राचार्यांनी सर्वांसमोर माझ्या संयमाची तारीफ केली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जुन्या मुली रस्त्यात भेटल्या की म्हणतात, मॅडम, तुमचा आवाज अजून स्वप्नात येतो. इतकी वर्षं मी ते कौतुक समजत होते. आता एकेकीचा चेहरा आठवते आणि जेवण गोड लागत नाही. त्यांच्यातल्या किती जणींना काही सांगायचं असेल?

आता खरं सांगते. घसा बरा होऊन बारा दिवस झाले. दूध उतू गेलं तेव्हा कळलं. शेजारीण धावत आली. कॉलेजात मात्र मी अजून पाटीच घेऊन फिरते. रविवारी अंतिम सामना आहे आणि डॉक्टरांचा महिना शनिवारी संपतो. मी बोलले तर हरतील. नाही बोलले आणि जिंकल्या, तर मी बावीस वर्षं केलं काय?

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्या दवाखान्याच्या कागदावर एक दाखला पाठव: आणखी महिनाभर बोलण्यास सक्त मनाई. इथले डॉक्टर प्रामाणिक आहेत, त्यांचा उपयोग नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच बुटकी दारात. मी पाटी शोधायला लागले, तर म्हणाली, राहू द्या मॅडम, आम्हाला केव्हाच कळलंय, तुमची शेजारीण खांबची मावशी लागते. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं (खिडकीची तावदानं हलली). तर म्हणते, तुम्हाला गप्प बसणं इतकं छान जमायला लागलं होतं, मध्येच कशाला बोलायचं? ती गेल्यावर खूप रडले रे.

ता. क. ३. दाखला नको. तूच ये रविवारी. संघाचा डॉक्टर म्हणून तुला माझ्या शेजारी बाकावर बसता येईल. मी उठायला लागले की माझं तोंड दाबून धर. या वेळी चावणार नाही.