गुड्डीचा अभ्यास ओट्यावरच

राखोली, सिल्वासा
मंगळवार, २२ एप्रिल

तीर्थस्वरूप आक्का,

वाकून नमस्कार. आम्ही सगळे ठणठणीत आहोत, उन्हाने फक्त काळे पडलोय.

तुम्ही म्हणाल, घरात दोन मोबाइल असताना कावेरीला पत्राचं खूळ कुठून लागलं? राग मानू नका, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो आक्का’ म्हणते. फोन ठेवल्यावर कळतं, आपण कशाकशाला हो म्हणून बसलो. पत्रात तुम्हाला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुमच्या भावाची या आठवड्यात नाइट आहे. सकाळी धाग्याचा कचरा केसात घेऊन घरी येतात आणि चहा पिता पिता झोपतात. माझं पॅकिंगचं काम चालू आहे. कैऱ्या स्वस्त झाल्या, लोणचं घातलं. तुमच्यासारखं झालं नाही, मोहरी कडू लागते.

बरं, आता मोठी बातमी. गुड्डी नववीत वर्गात चौथी आली! तीच गुड्डी, जिचे सहामाहीचे गुण ऐकून तुम्ही हबकला होतात. तेव्हा तुम्ही म्हणालात, एकच खोली, त्यात बाप दिवसा झोपलेला, पोरीने अभ्यास करायचा कुठे? दहावीला तिला माझ्याकडे शहाद्याला पाठवा, स्वतंत्र खोली देते. मी हो आक्का म्हटलं. मग तुम्ही तिथल्या शाळेत बोलून आलात आणि तिच्यासाठी टेबलही घेतलंत. टेबलाचं ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. पण ते नंतर. आधी ही चौथी कशी आली ते ऐका.

गुड्डीची मोठमोठ्याने घोकायची सवय तुम्हाला ठाऊक आहे. सहामाहीनंतर तिने सकाळ-संध्याकाळ असा काही सपाटा लावला की एक दिवस यांनी झोपेतून उठून उशी फेकली. “बाई, बाहेर जाय ना वं!” म्हणाले. ती पुस्तक घेऊन ओट्यावर बसली, फुगून. शेजारचा भावेश तिथेच अभ्यासाला बसतो. तोही नववीला, पण गुजराती शाळेत. हिने विजेच्या धड्यातली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली. त्याने शांतपणे विचारलं, “एटले शूं?” म्हणजे काय?

हिने तीच व्याख्या पुन्हा म्हटली, जरा जोरात. तो म्हणाला, “बहेरो नथी. समजावीने बोल ने.” म्हणजे मी बहिरा नाही, समजावून सांग.

आक्का, पोरीचं तोंड एवढंसं झालं. सगळं पाठ, आणि त्यातलं एक अक्षर स्वतःच्या शब्दांत सांगता येईना. तिचं पुस्तक मराठी, त्याचं गुजराती, त्यामुळे पुस्तकातले शब्द त्याच्यासमोर काही कामाचे नाहीत. त्या दिवशी घरात येऊन रडली. दुसऱ्या दिवशी शाळेत उभी राहून बाईंना म्हणाली, मला हा धडा कळलेलाच नाही. आधी असं म्हणायला ती मेली असती तरी तयार झाली नसती! बाईंनी पुन्हा शिकवलं. पुढच्या सकाळी पाणी आल्यावर हिने भावेशला नळापाशी नेलं. बारीक नळीने बादली उशिरा भरते, जाड नळीने लवकर, तसंच बारीक तारेतून वीज अडखळत जाते, असं सांगितलं. त्याला कळलं. मी शेजारी भांडी घासत होते, मलाही कळलं.

तेव्हापासून ओट्यावर शाळाच भरते. वरच्या खोलीतल्या बिहारच्या दोघी बहिणीही येतात, त्या हिंदी शाळेतल्या. एकाने शिकवायचं, बाकीच्यांनी छळायचं. मोबाइल माझ्या तांदळाच्या डब्यात. चुकलेलं गणित खोडायचं नाही, बाजूला पुन्हा करायचं, म्हणजे काय चुकलं ते दिसतं. जो विषय नकोसा वाटतो तो आधी. हे नियम त्यांचेच, मी फक्त डब्याचं झाकण लावते. भावेश गणितात नापास झाला होता, तर दोन दिवसांनी तोच पेपर घेऊन हसत ओट्यावर आला, “चालो, आनी वाट लगाडीए.” चला, याची वाट लावू. असं हसत परत बसणं आपल्या पोरीने त्याच्याकडूनच उचललं.

आता ते टेबलाचं.

आक्का, मी गुड्डीला पाठवणार नाही.

लिहून टाकलं एकदाचं. आई गेल्यावर यांना तुम्ही लहानाचं मोठं केलंत, तुमचा शब्द या घरात कधी खाली पडला नाही. यांना म्हटलं तुम्ही सांगा, तर म्हणाले, “आक्काले मी काय सांगू? तूच सांग.” आणि कूस बदलून घोरायला लागले. म्हणून हा वाईटपणा मी घेतेय. मला माझी पोर डोळ्यांसमोर हवी आहे, हे तर आहेच, लपवत नाही. पण तिच्या अभ्यासासाठीही ती इथेच हवी. गुड्डीला विचारलं तर म्हणाली, “आई, आत्याच्या खोलीत सगळं असेल, पण मला ‘एटले शूं’ कोण विचारणार?”

मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, “आई, आत्या टीव्ही बघत नाही, नुसता चालू ठेवते. फोनवर मागे सारखा आवाज येतो.”

आक्का, मी इतक्या दिवसांत हे ऐकलं नव्हतं, पोरीने ऐकलं. दाजी गेले, मग तुमचा ओंकार पुण्याला गेला, घरात तुम्ही एकट्याच. तुम्ही आमच्याकडे पोर मागितलीत ती तिच्या दहावीसाठी, असंच मी धरून चालले. तुम्हीही तेवढंच बोललात. मायेच्या माणसांपाशीसुद्धा ‘मला एकटीला करमत नाही’ म्हणायची तुम्हाला लाज वाटली का हो? मला फार वाईट वाटलं. तुमच्यावर नाही, स्वतःवरच थोडी चिडले.

खोली एकच आहे, खरं आहे. नळाला पाणी सकाळीच येतं, आणि दिवसा तुमचा भाऊ घोरतो. पण दमणगंगेवरून संध्याकाळी वारा येतो, ओट्यावर चार पोरं भांडत असतात आणि त्यांना दटावायला दमदार आवाजाचं कुणी नाही. माझा आवाज त्यांना ऐकूच जात नाही.

पुढच्या शनिवारी हे आणि गुड्डी सुरतेला गाडी बदलून शहाद्याला येतील. गुड्डीकडे तिची बॅग नसेल. तुमची भरून ठेवा. दहावी होईपर्यंतच्या साड्या घ्या.

‘हो कावेरी’ एवढंच म्हणा.

वाट पाहणारी तुमची भावजय,
कावेरी