ट्रंकेत जपलेली चिठ्ठी

अमरावती, शुक्रवार, १२ डिसेंबर १९५८

हात दोनदा धुतले, तरी बोटांवरची खळ निघत नाही.

वलगावची गिरजाबाई आज छापखान्यात आली होती. गुरांच्या औषधांचं आमचं पुस्तक तिला माझ्या ह्यांनीच, हयात असताना, बाजारात विकलेलं. त्यात मोरचूद एक मासा हवा तिथे एक तोळा छापला गेला, म्हणजे बारापट. चूक कळल्यावर आम्ही ह्यांच्या वहीतल्या सगळ्या गिऱ्हाइकांना दुरुस्तीची चिठ्ठी टपालानं धाडली, पानावर चिकटवा म्हणून. गिरजाबाईला वाचता येत नाही. सरकारी कागद समजून तिनं ती ट्रंकेत जपून ठेवली. परवा पुतण्यानं पुस्तकात पाहून म्हशीच्या वगारीला औषध पाजलं. वगार मेली.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. ती म्हणाली, "बाई, पुस्तक चुकलं, तं चिठ्ठी कावून नाई चुकनार?"

मी चिठ्ठी घेऊन छापखान्याच्या मालकांकडे गेले.

मालक म्हणाले, "टपाल पोचलं ना? मग आपलं काम झालं." झालं का? हे असते तर सायकल काढून घरोघर चिकटवून आले असते. ह्यांच्यामागं मी एकटी कुठवर जाऊ? धामणगाव, हिवरखेड...

निघताना तिनं पुस्तक पुढे केलं. "लावून दे. शेजारनीची म्हैस हाये, तिलेबी हेच पुस्तक लागते." मी खळ लावली. वाळेपर्यंत ती त्या पानावर हात ठेवून बसली, आजारी जनावराच्या अंगावर ठेवावा तसा.

खळ अजून बोटांना आहे. बाकीच्या चिठ्ठ्या कुणाकुणाच्या ट्रंकेत अशाच नीट जपलेल्या असतील?